भिंगाचे वैगुण्य

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपणां सर्वांना ठाऊक आहे. काम बिघडले की हत्याराला दोष देणे सोपे असते. परंतु हत्यार खरोखरच सदोष असेल, तर चांगल्या कारागिराने काय करावे? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज छायाचित्रकर्तीच्या कार्यात सापडते.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. पुढे त्या इंग्लंडमधील वाइट बेटावर राहू लागल्या. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना लेक व जावई यांच्याकडून एक कॅमेरा भेट मिळाला. बाईंनी कोळशाची कोठी काळोखी खोली म्हणून वापरली, कोंबड्यांच्या खुराड्याचे चित्रगृह केले आणि त्या कामास लागल्या.

त्यांच्या पहिल्या फ्रेंच भिंगात एक वैगुण्य होते. पांढऱ्या प्रकाशात अनेक रंग असतात आणि काचेतून जाताना प्रत्येक रंग कमीअधिक वाकतो. निळे-जांभळे किरण अधिक वाकतात आणि भिंगाच्या जवळ एकत्र येतात. पिवळे किरण थोडे दूर. आपल्या डोळ्यांना पिवळसर उजेड अधिक जाणवतो. परंतु त्या काळी छायाचित्रासाठी वापरली जाणारी काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांनाच दाद देत असे. त्यामुळे डोळ्यांना रेखीव दिसलेली प्रतिमा काचेवर मात्र मऊ, धूसर उमटे. शिवाय समोरच्या व्यक्तीला काही मिनिटे निश्चल बसावे लागे. ती किंचित हलली तरी रेषा पुसट होई.

इतर छायाचित्रकार भिंग पुढेमागे सरकवून हा दोष काढून टाकीत. बाईंनी तसे केले नाही. प्रतिमा मनाला सुंदर वाटली की त्या तेथेच थांबत. १८६७ साली त्यांनी काढलेले ज्योतिर्विद सर जॉन हर्षेल यांचे छायाचित्र पाहा. वृद्ध शास्त्रज्ञाचे शुभ्र केस काळोखात विरत गेले आहेत आणि पाहणाऱ्याची दृष्टी त्यांच्या डोळ्यांवर खिळून राहते.

समकालीन टीकाकारांनी या धूसरपणाला निष्काळजीपणा म्हटले. परंतु लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ सालीच त्यांची छायाचित्रे विकत घेतली. पुढे १८६६ साली बाईंनी मोठा कॅमेरा व नवे भिंग घेतले. तरीही त्यांच्या चित्रांतील मृदुता कायम राहिली. जे प्रथम भिंगाचे वैगुण्य होते, ते आता त्यांच्या दृष्टीचे वैशिष्ट्य झाले होते.

आजही अनेक छायाचित्रकार जुनी भिंगे जपून ठेवतात. एखादे भिंग चित्राचे कोपरे काळवंडते, तर एखादे सूर्यासमोर धरताच चित्रभर उजेड पसरवते. मालकाला त्याचा स्वभाव ठाऊक असतो आणि तो त्याच्याकडून जमेल तेच काम घेतो.

मात्र एक गोष्ट विसरू नये. नकाशाचे किंवा दस्तऐवजाचे छायाचित्र धूसर असून चालणार नाही. तेथे अक्षर न् अक्षर वाचता आले पाहिजे. म्हणून दोष सुधारावा की सांभाळून घ्यावा, हे कामाच्या हेतूवरून ठरते. परंतु दोन्हींसाठी प्रथम तो दोष नीट ओळखावा लागतो. न ओळखता चालवून घेतलेला दोष ही केवळ हयगय होय. ओळखून उपयोगात आणलेला दोष ही कला होऊ शकते.