ब्लॉकेज नसलं तरी हृदय आजारीच

कॅथलॅबच्या पडद्यावर तिन्ही धमन्या टोकापर्यंत मोकळ्या दिसतात. ईसीजी मात्र हार्ट अटॅकचाच, रक्तात हृदयस्नायूची इजा दाखवणारं ट्रोपोनिनही वाढलेलं. मग कॅथेटर हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात नेऊन तिथे डाय सोडतात, आणि कोडं उलगडतं. टोकाकडचा भाग फुगून जवळजवळ निश्चल झालेला असतो, बुडाकडचा जोराने आकुंचन पावत असतो. ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्याचा हा आकार. त्यावरूनच हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या विकाराला ताकोत्सुबो म्हटलं. निकामी भाग बहुधा एका धमनीच्या हद्दीत मावत नाही, आणि एवढ्या मोठ्या बिघाडाच्या मानाने ट्रोपोनिन कमीच असतं. विटस्टाइन यांच्या गटाने २००५ मध्ये मोजलं, तेव्हा या रुग्णांच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिनसारखी तणावद्रव्यं खऱ्या अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट आढळली.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की ‘टेन्शनमुळे झालं’ हा निष्कर्ष तपासणीच्या शेवटी काढायचा असतो, दारातच नव्हे. हे रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या स्त्रिया असतात, आणि ‘मनाला लावून घेतलंय’ हे वाक्य आपल्याकडे त्यांच्याच वाट्याला सर्वांत आधी येतं. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत १,७५० रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या. पण भावनिक धक्का जेमतेम २८ टक्क्यांत सापडला. शस्त्रक्रिया, दम्याचा झटका, जंतुसंसर्ग अशी शारीरिक कारणं ३६ टक्क्यांत होती, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांत कसलंच कारण नव्हतं. म्हणजे नुकतंच कुणी गेलं आहे का, एवढं विचारून हे निदान होत नाही.

आपोआप बरं होणाऱ्या आजारासाठी वयस्कर बाईला अँजिओग्राफी कशाला, असा आक्षेप येतो. तो प्रामाणिक आहे. पण बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, आणि याच नोंदणीत सुमारे १५ टक्के रुग्णांना धमनीविकारही होता. खरं ब्लॉकेज निसटलं, तर मेलेला स्नायू परत येत नाही. उलट, रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होणंही चूक. आकुंचन बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होतं हे खरं. तरी सुमारे चार टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. कप्प्यात गुठळी होऊ शकते. रक्ताची बाहेर जाणारी वाट अडली असेल, तर रक्तदाब वाढवण्यासाठी दिलेली अ‍ॅड्रेनालिनच्या जातीची औषधंच घात करतात.

घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर दुःख कोणतं याचा शोध घेत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि अँजिओग्राफी स्वच्छ आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा इको करून घ्या.