पीतबिंदूचा विकार आणि नव्या औषधांचा गुण

व्यापारी मनुष्याची अर्धी हयात रोजकीर्द व खतावणी वाचण्यात जाते. उतारवयात त्याच खतावणीच्या ओळी वाकड्या दिसू लागल्या, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी तो समजूत करून घेतो आणि ‘दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर पाहू’ म्हणून स्वस्थ बसतो. आमच्या पेढीवरील एका वडीलधाऱ्यांनी हेच केले. तपासणी झाली तेव्हा एका डोळ्याची मध्यदृष्टी गेलेली होती. पुढे दुसऱ्या डोळ्यास तोच विकार जडला. परंतु त्यास वेळीच उपचार मिळाले व त्या डोळ्याने ते आजही वर्तमानपत्र वाचतात. हा फरक कशाने पडला, हे सभासद बंधुभगिनींस कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूवर वाचन व चेहऱ्याची ओळख अवलंबून असते. वार्धक्यात तो झिजतो. या झिजेच्या ‘ओल्या’ प्रकारात दृष्टिपटलाखालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपून पीतबिंदू वर उचलला जातो. म्हणून सरळ रेषा वाकडी दिसते. उपेक्षा झाल्यास तेथे कायमचा व्रण राहतो.

या वाहिन्यांना वाढीची आज्ञा देणारे व्हीईजीएफ नामक प्रथिन नेपोलिओने फेरारा या शास्त्रज्ञाने १९८९ साली वेगळे केले. त्यास अडविणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी संमत झाले. पुढच्याच वर्षी मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते डोळ्यात टोचून पाहिले. खास डोळ्यासाठी सिद्ध केलेल्या रॅनिबिझुमॅबला २००६ मध्ये संमती मिळाली. त्याच्या एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी मोठी घट न होता टिकली. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते.

आता मर्माची गोष्ट. औषधाने प्रथम झिरपणे थांबते आणि कोवळे फुटवे सुकतात. परंतु ज्या जुन्या वाहिन्यांभोवती आधारपेशींचे वेष्टन तयार झालेले असते, त्या बहुधा तगून राहतात. औषधाचा अंमल ओसरला की त्याच खोडांस पुन्हा पालवी फुटते. म्हणून आरंभी बहुधा दरमहा व पुढे डोळ्याची स्थिती पाहून इंजेक्शन घ्यावे लागते. ‘आता स्वच्छ दिसते’ म्हणून मध्येच थांबणे म्हणजे केवळ व्याज फेडून कर्ज फिटले असे मानणे होय.

खर्चाची चिंता रास्त आहे. तथापि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तुलनेत स्वल्प किमतीचे बेव्हॅसिझुमॅब दृष्टी राखण्यात महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले. मात्र ते डोळ्यासाठी निर्जंतुक रीतीने भरलेले असले पाहिजे. कोणते औषध घ्यावे, हे नेत्रतज्ज्ञांस विचारूनच ठरवावे.

घरातील वडील मंडळींस आमचे एवढेच सांगणे आहे : तंबाखूचे धूम्रपान सोडावे. आठवड्यातून एकदा वाचनाचा चष्मा लावून चौकटीच्या कागदावर मध्यभागी ठिपका काढावा आणि एकेक डोळा झाकून त्याकडे पाहावे. रेषा वाकलेल्या वा पुसट दिसल्या, तर दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांकडे तत्काळ जावे. वहीपूजन पुढील वर्षीही येईल. गेलेली दृष्टी येईलच, असे नाही.