खोळंब्याचा भुर्दंड कोणी सोसावा?

एप्रिल उजाडला की रत्नागिरीच्या बागांतून हापूसच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजाराकडे धावू लागतात. हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. बागायतदाराप्रमाणे टेम्पोमालकाच्याही वर्षाचा हिशेब याच दिवसांत ठरतो. अशा दिवसांत हातखंबा तिठ्यावर कडेला उभ्या असलेल्या टेम्पोवर मागून एखादा ट्रक येऊन आदळला, असे समजा. चूक कोणाची याविषयी वाद नाही. ट्रकचा विमा आहे, टेम्पोचाही आहे. पंचनामा होतो, सर्वेक्षक येऊन जातो, सुटे भाग कोल्हापूरहून मागवावेत की पुण्याहून याची चर्चा होते आणि टेम्पो तीन आठवडे गॅरेजात पडून राहतो. दुरुस्तीचे पैसे आज ना उद्या कोणीतरी देतो. पण त्या एकवीस दिवसांचे काय? बँकेचा हप्ता थांबत नाही, चालकाला पगार द्यावाच लागतो, ठरलेली वर्दी मोडू नये म्हणून दुसरी गाडी भाड्याने घेतली तर हंगामातले चढे भाडे मोजावे लागते. ज्याने काहीच केले नाही त्याच्याच माथी हा भुर्दंड बसतो.

याच प्रश्नातून इंग्लंडमध्ये एक अख्खा धंदा उभा राहिला. अपघातात ज्याची चूक नाही अशा मोटारमालकाला एक कंपनी तत्काळ दुसरी गाडी देते. त्याच्याकडून रोख काही घेत नाही. भाडे उधारीवर चढत राहते आणि पुढे ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल केले जाते. याला तिकडे ‘क्रेडिट हायर’ म्हणतात. ऐकताना ही व्यवस्था परोपकाराची वाटते. मात्र या गाडीचे दिवसाचे भाडे बाजारातल्या साध्या भाड्यापेक्षा बरेच अधिक असते, कारण त्यात उधारीची किंमत, वसुलीची खटपट आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याची दलाली हे सारे मिसळलेले असते.

तेथील न्यायालयांनी या धंद्याचा कस पूर्वीपासून लावलेला आहे. त्याची मुळे एका बंदरात सापडतात. १९२८ साली ग्रीसमधील पात्रास बंदरात ‘लिसबॉश’ नावाचे गाळ उपसणारे जहाज दुसऱ्या जहाजाच्या चुकीने बुडाले. मालकांकडे नवे जहाज घ्यायला पैसा नव्हता. हातचे काम अडू नये म्हणून त्यांनी महागड्या भाड्याने दुसरे जहाज आणले. १९३३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, जहाजाची किंमत मिळेल, पण केवळ दारिद्र्यामुळे करावा लागलेला जादा खर्च मिळणार नाही. गरिबी ही ज्याची त्याची अडचण, चूक करणाऱ्याने तिचा भार का उचलावा, असा तो युक्तिवाद. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या एखाद्या नौकामालकाला हा न्याय ऐकवला तर तो काय म्हणेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढे मोटारींच्या प्रकरणांत हाच प्रश्न नव्या रूपाने आला. १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने असे ठरविले की, दुसऱ्याच्या दाव्याला अशा रीतीने पैसा पुरविणे बेकायदेशीर नाही. २००० मध्ये त्याच सभागृहाने ग्राहक-पतकायद्याच्या अटी न पाळलेला एक भाडेकरार निष्फळ ठरविला. करार चालत नाही म्हणून मोटारमालक भाडे देणे लागत नाही, आणि तो देणे लागत नाही म्हणून विमा कंपनीही नाही, असे ते तर्कट. सर्वसाधारणपणे बाजारभावाइतकेच भाडे मिळावे, हेही त्याच निर्णयात सांगितले गेले. अखेर २००३ मध्ये बहुमताने असे ठरले की, ज्याच्यापाशी रोख भाडे भरण्याची ऐपतच नाही त्याला उधारीचे पुरे भाडे मिळू शकते. लिसबॉशचा सत्तर वर्षांचा नियम अशा रीतीने मोडीत निघाला. कनवाळू म्हणावा असाच तो निकाल. पण त्याबरोबर एक चमत्कारिक परिस्थितीही निर्माण झाली. आपण निर्धन आहोत हे सिद्ध करण्यासाठी मोटारमालकाला आपली बँकेची खाती न्यायालयापुढे उलगडून ठेवावी लागतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात रस वाटावा तो दुसऱ्याच कारणाने. ब्रिटनच्या स्पर्धाविषयक यंत्रणेने २०१२ ते २०१४ या काळात मोटार विम्याच्या बाजाराची सविस्तर चौकशी केली. तिच्या मते दोषाचे मूळ एका विसंगतीत होते. बिल भरणारा एक आणि बिल किती व्हावे हे ठरविणारा दुसरा! गाडी किती दिवस ठेवायची, कोणती घ्यायची, कोठे दुरुस्त करायची हे सारे निरपराध मोटारमालक आणि त्याच्या वतीने धावणाऱ्या कंपन्या ठरवतात. पैसे मात्र प्रतिपक्षाची विमा कंपनी मोजते. काटकसरीत कोणालाच स्वारस्य उरत नाही. हा फुगलेला खर्च शेवटी सर्वांच्या हप्त्यांत वाटला जातो. वराती काढायची लोकांनी आणि मांडवाचे भाडे भरायचे गावाने, असा हा प्रकार. रोगनिदान इतके स्पष्ट असूनही भाड्याच्या गाड्यांबाबत प्रमाणशीर ठरेल असा उपाय चौकशीअंती हाती लागला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

रत्नागिरी, चिपळूणची कितीतरी मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटनला जातात. त्यांच्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ‘तुम्हाला एक पैसाही पडणार नाही’ असे दूरध्वनीवर सांगितले जाते त्या कागदावर सही गाडी घेणाऱ्याची असते आणि देणेकरीही मूलतः तोच असतो. विमा कंपनीने भाडे नाकारले तर दावा त्याच्याच नावाने चालतो. गाडीची गरज होती, मुदत वाजवी होती, हे सारे त्याने सिद्ध करावयाचे. परीक्षेच्या आठवड्यात न्यायालयात साक्षीला उभे राहण्याची पाळी आली म्हणजे फुकट गाडीची खरी किंमत कळते.

आपल्याकडचे चित्र नेमके उलटे आहे. तिथे खोळंब्याची किंमत फुगते, इथे ती कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी घेतलेल्या विमापत्रात अपघातातून ओघाने होणारे नुकसान स्पष्टपणे वगळलेले असते. रोजचा भत्ता देणारी पुरवणी जादा हप्ता भरून घेता येते, पण किती रिक्षावाले ती घेत असतील? शिवाय दुरुस्तीच्या खर्चातही घसारा कापला जातो. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के, आणि पाच ते दहा वर्षे जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. याउपर आपल्या विम्यावर दावा केला की पुढील वर्षीची सूट जाते. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला ही सूट ५० टक्क्यांपर्यंत मिळालेली असते. चूक नसताना ती गमावायची, ही शिक्षा नव्हे तर काय? विमा कंपन्यांनी आपापसांत ‘ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाइकाचे भरावे’ असा समझोता केला होता. त्याने कंपन्यांचे कागदी काम वाचले, परंतु दोष कोणाचा हा प्रश्नच हिशेबातून पुसला गेला.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्लंडात ‘नो फॉल्ट’ म्हणजे ज्यात आपली चूक नाही असा अपघात. आपल्या कायद्यात त्याच शब्दांचा अर्थ चूक कोणाची हे न पाहता द्यावयाची भरपाई असा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९८२ मध्ये ही तरतूद आली. तेव्हा मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी तरतूद झाली. माणसाच्या जिवाची कायद्याने अशी दखल घेतली, हे योग्यच झाले. मोडलेल्या वाहनाला आणि बुडालेल्या रोजगाराला मात्र या तरतुदीत जागा नाही. तेथे आजही प्रतिपक्षाची चूक सिद्ध करावी लागते.

मग विलायतेसारख्या कंपन्या इकडे आल्या तर? येऊ शकणार नाहीत असे नाही. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरविणे भारतात मुळातच निषिद्ध मानलेले नाही. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात १९८३ साली केलेल्या दुरुस्तीने, दाव्यासाठी पैसा पुरविणाऱ्या त्रयस्थाला पक्षकार करून त्याच्याकडून तारण मागण्याची मुभा न्यायालयाला दिली आहे. म्हणजे असा त्रयस्थ असू शकतो हे कायद्याने गृहीतच धरले आहे. वकिलाला मात्र निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेता येत नाही. ही बंधने बार कौन्सिलच्या नियमांनी घातलेली आहेत. आणि महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर वाहने वाढतील तसे असे ‘मदतनीस’ही वाढतील, याची खूणगाठ आतापासूनच बांधावी.

त्यापेक्षा सरळ मार्ग उपलब्ध आहे. वाहनाच्या प्रकारानुसार दिवसाचा एक ठराविक दर बांधून द्यावा: रिक्षाला इतका, टेम्पोला इतका, घरगुती मोटारीला त्याहून कमी. दिवसांनाही कमाल मर्यादा घालावी आणि हा भार तृतीय पक्षाच्या विम्यात समाविष्ट करावा. समजा, रिक्षाला दिवसाला ८०० रुपये धरले तर पंधरा दिवसांचे १२ हजार होतात. एवढ्या रकमेसाठी दलाल, उधारी किंवा खातेउतारे कशाचीच गरज राहणार नाही. दर आधीच बांधलेला असल्यामुळे बिल फुगवण्याला वाव नाही, आणि दुरुस्ती रेंगाळली तर भार विमा कंपनीवर पडत असल्याने सर्वेक्षकही लवकर येईल. या योजनेने हप्ता वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो सर्वांत वाटला न जाता एकट्या टेम्पोवाल्याच्या खिशातून जातो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर अस्तित्वात असलेल्या कायद्याचा तरी उपयोग लोकांनी करावा. रस्त्यावरच चार माणसे मध्ये पडतात, ‘बसून मिटवू’ म्हणतात, दोन-तीन हजार हातावर ठेवले जातात आणि ‘काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. त्या एका ओळीने पुढचा सारा दावा लंगडा होतो. वाहन उघडण्यापूर्वी पाहणी करून घ्यावी, गॅरेजमध्ये गाडी आली व गेली त्या तारखा लेखी घ्याव्यात, बदली गाडीचे भाडे पावतीवर द्यावे. बदली वाहन घेताना ते परवानाधारक असावे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतली की परवान्याचा भंग होतो आणि तिच्या विम्यावरही पाणी सोडावे लागते.

प्रतिपक्षाच्या विम्यातून सामान्यतः मोटार, रिक्षा, टेम्पो यांच्या बाबतीत मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत, तर दुचाकीच्या बाबतीत एक लाखापर्यंत संरक्षण असते. मात्र शंभर-पन्नास रुपयांच्या सवलतीसाठी काही मालक ही मर्यादा ६ हजारांवर आणून ठेवतात. तेव्हा ट्रकचे विमापत्र नुसते ‘चालू’ आहे एवढे पाहून भागत नाही. त्रयस्थ या नात्याने ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, कारण त्या कंपनीचा ग्राहक तो नव्हे. त्याचे ठिकाण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मालमत्तेच्या मालकाला तेथे अर्ज करता येतो, आणि अपघात कोठेही घडला असला तरी तो राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे जाण्याची मुभा कलम १६६ देते. ट्रक मुंबईचा, विमा कंपनीचे कार्यालय पुण्याचे आणि अपघात पनवेलजवळ घडला असला, तरी टेम्पोवाला रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात अर्ज देऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. फेब्रुवारीत धडक बसली तर आंब्याचा हंगाम संपून पाऊस लागेपर्यंत ती बरीचशी सरलेली असते.