उंबरठ्यावरचा नजराणा

बोरिवलीच्या पूर्वेला किंवा मुलुंड कॉलनीत, डोंगराकडच्या बाजूच्या तळमजल्यावरील घरात मांजर असले की पावसाळ्याच्या तोंडावर एक दृश्य हमखास दिसते. सकाळी दुधाची पिशवी घेण्यासाठी दार उघडावे, तर पायपुसण्यावर शेपूट तुटलेली सापसुरळी पडलेली असते. शेजारी घरचे मांजर बसलेले असते. त्याच्या मुद्रेवर अपराधाचा लवलेश नसतो, असलीच तर कौतुकाची अपेक्षा. कधी हा नजराणा सरड्याचा असतो, कधी पंख विस्कटलेल्या बुलबुलाचा, कधी चिचुंद्रीचा आणि क्वचित सापाच्या जिवंत पिल्लाचा. घरात किंचाळी उठते, झाडू येतो, मांजराला धपाटा बसतो आणि प्रकरण संपते.

ते तेथेच संपवणे सोयीचे असले तरी योग्य नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एका अंगाने बोरिवलीला आणि दुसऱ्या अंगाने मुलुंडला भिडले आहे. दक्षिणेकडे आरेची हिरवाई थेट अंधेरीच्या दारापर्यंत येते. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी या वनात नोंदले गेले आहेत. जागेच्या जाहिरातीत या शेजाराचे मोल वसूल केले जाते. पण वनाची भिंत माणसाला अडवते, मांजराला नाही. (बिबट्यालाही ती अडवत नाही आणि रात्री भटकणाऱ्या मावशीची तो गय करीत नाही, हेही मांजरप्रेमींनी ध्यानात ठेवलेले बरे.)

मुंबईकराने मांजर पाळले ते मुळात उंदरांसाठी. १८९६ साली शहरात प्लेग आला. पुढे उंदीर आणि प्लेग यांचे नाते उघड झाल्यावर, मध्यप्रांत-वऱ्हाडात काम केलेले ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर मांजर हा प्लेगवरचा उपाय आहे, असे हिरिरीने सांगू लागले; १९०८ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लिहिलेही. चाळीतल्या मांजराला अशी प्रतिष्ठा होती. आजच्या सदनिकेतील मांजर मात्र मायेपोटी पाळलेले असते. त्याचे काम गेले, पण त्याचा स्वभाव गेला नाही, आणि चाळीच्या गटाराऐवजी त्याला आता रानाची कड मोकळी सापडली आहे.

पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण भूक आणि शिकारीची ऊर्मी या त्याच्या ठायी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही आहाराचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरपूर मांस असलेले अन्न दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्याने ती २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, या आपल्याकडील जुन्या प्रश्नाला असे अनपेक्षित उत्तर मिळाले आहे! दूधभातावर मांजराची मांसाची गरज भागत नाही; ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घराने हे विशेष लक्षात घ्यावे.

एका मांजराने असे काय बिघडणार, हा प्रश्न अनेकांच्या ओठांवर असतो. न्यूझीलंडजवळ स्टीफन्स नावाचे लहानसे बेट आहे. १८९४ साली तेथील दीपगृहावर काम करणाऱ्या लायल यांच्या हाती मांजराने मारून आणलेले काही चिमुकले पक्षी आले. ही जात उडू न शकणारी आणि शास्त्राला सर्वस्वी नवी निघाली. तिला लायल यांचेच नाव मिळाले. अल्पावधीतच ती नामशेष झाली. हा सारा संहार एकट्या मांजराने केला अशी कथा रूढ झाली असली, तरी प्रत्यक्षात तोवर बेटावर मांजरे बरीच वाढली होती. मांजराने आणलेल्या नजराण्यातून एका जातीची ओळख व्हावी आणि मांजरांच्याच तोंडी तिचा शेवट व्हावा, हा योग विलक्षण खरा.

बोरिवली म्हणजे असे एकाकी बेट नव्हे आणि बुलबुल काही उद्या नाहीसा होणार नाही. धोका आहे तो घरट्यांना, पिल्लांना आणि घरातल्या माणसांनाही. मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी वरवर धडधाकट दिसतो, त्याला पाणी पाजून झाडावर सोडले जाते आणि एक-दोन दिवसांत तो मरतो. मांजराच्या दातांतील जंतू सुईएवढ्या जखमेतूनही रक्तात भिनतात. अशा पक्ष्याला त्वरित पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

सापाचे प्रकरण अधिक गंभीर. पट्ट्यांचा कवड्या निरुपद्रवी, पण त्याच्यासारखाच दिसणारा मण्यार अतिविषारी. तो चावल्याचे कित्येकदा जाणवतही नाही. अर्धमेल्या सापाला झाडूने ढोसून त्याची जात ठरवण्याचा उद्योग घरात कोणी करू नये. मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत न्यावे, दुरून सापावर नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मांजराला दोष देण्यात अर्थ नाही. खिडकी उघडी ठेवतो तो माणूस. दिवेलागणीपासून उजाडून चांगले ऊन येईपर्यंत त्याला घरात ठेवले तरी पुष्कळ जीव वाचतात. दयाळाचे पिल्लू घरट्यातून बाहेर पडल्यावर नीट उडता येईपर्यंत काही दिवस झुडपांच्या आसऱ्याने काढते. आवारात दयाळ पिल्लांपाशी कर्कश ओरडू लागला, तर निदान तेवढे दिवस मांजराला दुपारीही बाहेर सोडू नये.