‘साहेब, एक मिनिट’

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरत होतं. चाकं खाली सोडताना मोठा हादरा बसला आणि एका चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. कॅप्टनचं सगळं लक्ष त्या चाकात अडकलं. विमान जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन आटत चाललंय हे सहवैमानिकाला आणि फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. त्यांनी विषय काढलाही. पण ‘आता उतरायलाच हवं’ असं वेळेत, ठामपणे कुणी म्हटलं नाही. शेवटी इंजिनं बंद पडली, विमान कोसळलं आणि १८९ जणांपैकी दहा जण दगावले.

तपास मंडळाने शिफारस दुहेरी केली. कॅप्टनने सहकाऱ्यांना सोबत घेऊन काम करायला शिकावं आणि हाताखालच्यांनी ठामपणे बोलायला शिकावं. १९८१मध्ये युनायटेडने तसं प्रशिक्षण सुरू केलं; आज ते जगभरच्या वैमानिकांना घ्यावं लागतं. आपल्या कार्यालयांत मात्र नेतृत्वाची शिबिरं भरतात, पण हाताखाली काम कसं करावं हे कुणी शिकवत नाही. कॉकपिटमधल्या सवयी तिथेही तितक्याच उपयोगी आहेत.

पहिली सवय काम घेतानाची. नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिक तो आकडा परत म्हणून दाखवतो. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथल्या तिथे सुधारते. आपणही ‘बघतो सर’ म्हणून उठू नये. ‘म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत, फक्त पुणे विभागाचे आकडे, बरोबर?’ एवढं विचारायला दहा सेकंद लागतात आणि दोन दिवसांचं वाया जाणारं काम वाचतं.

दुसरी सवय लक्ष ठेवण्याची. दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवतो. दुसऱ्याला पूर्वी ‘विमान न चालवणारा’ म्हणत. आता त्याला ‘लक्ष ठेवणारा’ म्हणतात. नाव बदललं, कारण ते रिकामं बसणं नव्हे, कामच आहे. साहेबांची नजर एका चाकावर खिळली असताना बाकीचे काटे बघायचे ते आपणच. काम अडलं तर त्यांनी विचारायची वाट न बघता आपण होऊन कळवायचं.

तिसरी सवय सर्वांत अवघड, शंका बोलून दाखवण्याची. वैमानिकांना त्यासाठी पाच पायऱ्या शिकवतात: हाक मारून लक्ष वेधा, काळजी सांगा, अडचण नेमकी मांडा, उपाय सुचवा आणि उत्तर घ्या. समजा, गोदामातून गुरुवारी माल निघायचा आहे. ‘साहेब, एक मिनिट. गुरुवारच्या मालाची मला काळजी वाटतेय. साडेतीनशे खोकी भरायची आहेत आणि दोन माणसं रजेवर आहेत. निम्मा माल गुरुवारी, उरलेला शनिवारी पाठवूया. चालेल?’ शेवटचा शब्द गाळू नका. उत्तर आल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. नुसतं ‘जरा कठीण दिसतंय’ म्हटलं, तर आपल्या मनावरचं ओझं उतरतं, पण साहेबांपर्यंत काहीच पोचत नाही.

आणि साहेब ‘नाही, सगळा माल गुरुवारीच’ म्हणाले तर? आपलं म्हणणं त्यांनी ऐकलं, विचार केला आणि ठरवलं. मग ते काम आपलंच ठरलं आहे असं समजून करायचं. चहाच्या टपरीवर ‘मी सांगितलं होतं’ म्हणत फिरणं म्हणजे विरोधही नव्हे आणि साथही नव्हे. अपवाद एकच: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायदा मोडत असेल, तर स्पष्ट नकार द्यायचा, लेखी द्यायचा आणि गरज पडली तर वरपर्यंत जायचं.

अशा बोलण्याला वजन येतं ते रोजच्या कामातून. ज्याचे आकडे नेहमी बरोबर असतात, दिलेली वेळ जो पाळतो, त्याच्या ‘एक मिनिट’ला साहेब थांबतात. हाताखालच्या माणसाची निष्ठा खुर्चीशी नसते. साहेबांना आणि त्याला मिळून जे काम तडीस न्यायचं आहे, त्याच्याशी असते. पोर्टलंडच्या त्या कॉकपिटमध्ये इंधनाचा आकडा समोर होता. तो कॅप्टनच्या निर्णयापर्यंत पोचवणारं एक पूर्ण वाक्य वेळेवर आलं नाही. ते वाक्य म्हणणं हे आपलं काम आहे.