अंगणातील दुरुस्ती, अरण्यातील भरवसा

चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे निघालेला रस्ता आष्टीजवळ वैनगंगा ओलांडतो आणि पुढे आलापल्लीच्या सागवनात शिरतो. तेथून वाटा फुटतात: एक सिरोंच्याकडे, एक एटापल्लीकडे, एक भामरागडकडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे. रेल्वे या जिल्ह्याला वडशाच्या टोकाला स्पर्श करते, तेवढीच. त्यामुळे मीठ, तेल, साखर, कापड आत न्यायचे आणि तांदूळ, हिरडा, बेहडा बाहेर आणायचा, तर रस्त्यावाचून गत्यंतर नाही.

या रस्त्यांवरचा व्यापार मोठ्या ट्रकपेक्षा छोट्या मालवाहू गाड्यांवर अधिक चालतो. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल आली, पुढे महिंद्राच्या पिकअप गाड्या आल्या आणि २००५ मध्ये टाटा एस. आठवडी बाजार करणाऱ्या कित्येक कुटुंबांत यांपैकी एखादी गाडी दहा-पंधरा वर्षे घरच्या माणसासारखी नांदत असते. तिचे कर्ज फिटलेले असते आणि तिच्या खोडी चालकाला पाठ असतात. प्रश्न असतो तो तिच्या भरवशाचा. आलापल्ली ते भामरागड हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे. मध्ये गाडी थांबली तर मिस्त्री सापडणे कठीण. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वर्षानुवर्षे घडत आले आहेत. अशा ठिकाणी गाडी बंद पडली, तर बाजार बुडतोच. शिवाय मालाबरोबर एक माणूस रानात अडकतो.

म्हणून जुन्या गाडीची प्राथमिक तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती घरच्या अंगणात करता येणे, ही या भागात व्यवहाराची गरज आहे. त्यासाठी फार मोठे यंत्रज्ञान लागत नाही. क्रम लागतो, नोंद लागते आणि आपला हात कोठे थांबवावा याचे भान लागते.

ताळा जुळत नाही तेव्हा

जुलैतील एक पहाट डोळ्यांसमोर आणावी. आदल्या संध्याकाळी माल भरून ठेवलेली पिकअप सुरू होत नाही. घाईत कोणी नवी बॅटरी आणतो. तीही चालत नाही, म्हणून सेल्फ उतरवला जातो. मग कोणी म्हणतो, नोझल गेले असतील. तीन खर्च होतात आणि शेवटी इंजिन व चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून सैल झालेली आढळते.

जमाखर्चाचा ताळा जुळला नाही, तर कोणताही अनुभवी मुनीम सगळी खतावणी नव्याने लिहायला बसत नाही. तो आधी बेरजा तपासतो, मग पुढे नेलेल्या रकमा, मग नोंदी. आधी सोपे आणि बिनखर्चाचे, नंतर अवघड आणि महागडे. गाडीलाही हाच न्याय लागू पडतो. आणखी एक पथ्य असे की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न एवढाच: किल्ली फिरवल्यावर सेल्फ जोराने फिरतो की नाही? फिरत नसेल, तर दोष विजेच्या बाजूला शोधावा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल, तर ती साफ करावी. तारा सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून निघणारा वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

एक साधा मल्टिमीटर घरात असावा. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना हा आकडा साडेनऊच्या खूप खाली गेला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अवाजवी वीज ओढत आहे. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. नसेल तर आल्टरनेटर अथवा त्याचा पट्टा पाहावा. अर्थिंगची परीक्षाही सोपी आहे. मीटरची एक तार इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर पट्टी काढून, घासून, घट्ट बसवावी. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि त्यामुळे नव्या बॅटरीचा निष्कारण खर्च वाचू शकतो.

धुराची भाषा

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. काहीच धूर निघत नसेल, तर बहुधा डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, परंतु जळत नाही. चालू इंजिनातून काळा धूर येत असेल, तर हवा कमी किंवा इंधन जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

डिझेल पोहोचत नसेल, तर पावसाळ्यात पहिला संशय पाण्याचा घ्यावा. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंड झाली की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. पंप दूर असल्यामुळे कॅनमध्ये साठवलेले डिझेल वापरले, तर त्यातूनही पाणी येते. फिल्टरच्या तळाशी असलेला निचऱ्याचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. पाणी जड असल्यामुळे तळाशी स्वच्छ वेगळे दिसते. ते निघून शुद्ध डिझेल येईपर्यंत निचरा करावा. संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय यावर उत्तम उपाय आहे.

दुसरा संशय हवेचा. जुन्या पंप-नोझलच्या गाडीत नळीला बारीक चीर पडली किंवा फिल्टर बदलला की आत हवा शिरते. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहावे. बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार आली की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळावा. मात्र अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांच्या गाड्यांत जाड दाबाच्या नळ्यांना घरी हात लावू नये. त्यांतील दाब एक हजार बारच्या पुढे असतो आणि त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरू शकते. जुन्या गाडीतही चालू इंजिनाच्या नोझलची गळती बोटाने कधी तपासू नये.

ऊन आणि धूळ

चंद्रपूरचा उन्हाळा सर्वज्ञात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवे नाही. त्यात घुग्घुस-बल्लारपूर पट्ट्यातील कोळशाची काळी भुकटी, गडचांदूरकडील सिमेंटची करडी धूळ आणि सुरजागडच्या लोहखनिजाची तांबडी माती. ही सारी धूळ रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत जाऊन बसते आणि इंजिन तापू लागते. तापमानाचा काटा चढतो म्हणून पाण्याचा पंप बदलण्याआधी रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्याने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्याचे पत्रे वाकतात. मग पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या, कूलंटची पातळी आणि शेवटी थर्मोस्टॅट, या क्रमाने पाहावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा नियम चालकाला वारंवार सांगण्याजोगा आहे. झाकणाखाली दाब असतो. त्या दाबामुळेच आतले पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उसळून बाहेर येते. गाडी सावलीत उभी करून अर्धा तास तरी थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो. बाहेर गळती नसताना कूलंट वारंवार कमी होत असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. हे काम अंगणातले नव्हे.

एअर फिल्टरचेही तसेच. धुळीच्या वाटांवर पुस्तिकेतील मुदतीची वाट पाहून भागत नाही. काळा धूर आणि चढावर मंदावणारी गाडी ही त्याची दोन लक्षणे. नोझल-पंपाचा खर्च करण्याआधी फिल्टर काढून पाहिलेला बरा.

जिथे घरचा हात थांबतो

इंजिन बिघडले तर गाडी थांबते. ब्रेक बिघडले तर ती थांबत नाही. म्हणून ब्रेकची तपासणी घरी रोज व्हावी, दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच. पायाखाली पॅडल स्पंजसारखे वाटले, तर तेलात हवा शिरली आहे. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा एखादे चाक गळते आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक धरत नाही. इंजिन बंद असताना पॅडल चार-पाच वेळा दाबून, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि त्याऐवजी इंजिन ऑइल कधीही टाकू नये. त्याने आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतात. नाला ओलांडल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवल्यास ओले लायनर वाळतात.

कमानी पाट्यांकडे पाहण्यासाठी गाडीखाली जावे लागते. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. चाकांना अडणी लावावी आणि चेसिसखाली पक्के स्टँड किंवा भक्कम लाकडी ओंडके द्यावेत. विटा भाराने अचानक फुटतात, म्हणून त्या वापरू नयेत. तुटलेला पाटा, सैल झालेला यू-बोल्ट, खडखडणारा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि स्टीअरिंगच्या सांध्यातील ढिलाई एवढे घरी दिसले, की घरचे काम संपले. काढलेले जुने ऑइल नालीत किंवा शेतात ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल, असे पाहावे.

दुरुस्तीची वही

व्यापारी घरात रोजमेळ चुकत नाही, पण गाडीची वही क्वचितच सापडते. तिला सहा रकाने पुरेत: तारीख, किलोमीटर, लक्षण, सापडलेला दोष, बदललेला भाग, खर्च. तीन-चार महिन्यांत ही वही बोलू लागते. दर दोन हजार किलोमीटरला कूलंट घालावे लागते, एकच चाक वारंवार गळते, पावसाळा लागला की सेल्फ रुसतो, अशी गोष्ट चालकाच्या आठवणीतून निसटते, पण कागदावर दिसते. मुलगा असो वा मुलगी, घरातील तरुणांनी ही वही लिहावी. धंदा ज्या चाकांवर चालतो, ती त्यांना ओळखीची होतील.

या वहीचा खरा उपयोग मात्र गाडीला निरोप देण्याच्या निर्णयात होतो. आयकराच्या हिशेबात स्वतःच्या व्यवसायासाठी वापरलेल्या मोटार वाहनावर साधारणपणे घटत्या शिलकीने १५ टक्के घसारा मिळतो. पाच लाखांना घेतलेली गाडी पंधरा वर्षांनी पुस्तकात सुमारे ४३,७०० रुपयांची उरते. एवढ्या किमतीच्या गाडीवर तीस हजार घालायचे कशाला, असे म्हणून कोणी चांगली गाडी विकतो; तर कोणी गेल्या वर्षी लाखभर घातले आहेत म्हणून निकामी गाडी ओढत राहतो. दोघेही मागच्या आकड्याकडे पाहतात. पाहायचा असतो तो पुढच्या बारा महिन्यांचा हिशेब. एका बाजूला दुरुस्ती, बुडालेले बाजाराचे दिवस आणि तपासणीचा खर्च. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचा हप्ता, व्याज आणि विमा. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या तपासणीचे शुल्क बरेच वाढले आहे. हे सर्व जुन्या गाडीच्या नावे मांडल्याखेरीज तुलना पुरी होत नाही.

काही गोष्टी मात्र या तुलनेत बसतच नाहीत. चेसिसला तडा गेला, गंजाने तिचा पत्रा पोखरला, किंवा ब्रेक पुन्हापुन्हा दुरुस्त करूनही पॅडल विश्वास देईना, तर हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने निघाला तरी तिला रानात पाठवू नये. जी गाडी आपल्या मुलाच्या हाती देण्याचे धैर्य मालकाला होत नाही, ती पगारी चालकाच्या हाती देण्याचा अधिकारही त्याला नाही.

निघण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. ऑइल, कूलंट, ब्रेकचे तेल, पट्टा, टायर, दिवे आणि वायपर पाहावेत. गाडीत एक जादा पट्टा, डिझेल फिल्टर, फ्यूज, नळीचे क्लॅम्प, पाच लिटर पाणी, टॉर्च, पान्यांचा संच आणि दोन ओंडके असावेत. माल ठरलेल्या वजनाइतकाच भरावा. आणि आलापल्लीच्या पुढे जाणाऱ्या गाडीची किल्ली चालकाकडे देण्याआधी मालकाने स्वतः एकदा आत बसून ब्रेकवर पाय दाबून पाहावा.