गिऱ्हाईक आपल्याकडेच का येईल?

आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण नोकरीची वाट पाहत न बसता धंद्याकडे वळत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु बँकेत कर्जाचे अर्ज पाहताना एक उणीव वारंवार जाणवते. जागा, यंत्र, भांडवल यांचे आकडे व्यवस्थित असतात. मात्र शेजारचे दुकान सोडून गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल, याचे उत्तर कोठेच नसते. व्यवस्थापनशास्त्रात या उत्तराला 'व्हॅल्यू प्रपोझिशन' म्हणतात. साध्या मराठीत, आपण ग्राहकाला काय देणार याचे नेमके वचन.

हे वचन तीन प्रश्नांतून तयार होते. आपले गिऱ्हाईक कोण? त्याची अडचण कोणती व आज तो ती कशी भागवतो? त्याहून अधिक आपण काय देऊ, आणि ते आपल्याला परवडेल काय?

अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी 1969 साली धुण्याची पावडर घरी तयार करून सायकलवरून दारोदार विकली. मोठ्या कंपनीची पावडर सामान्य गृहिणीला परवडत नव्हती. पटेलांनी हीच गृहिणी हेरली. तिला कपडे बऱ्यापैकी स्वच्छ हवे होते आणि भाव खिशाला झेपणारा हवा होता. घरगुती उत्पादन व स्वतः विक्री यांमुळे खर्च कमी, म्हणून कमी भाव त्यांना परवडला. तीच पुढे 'निरमा' म्हणून देशभर गेली.

आता आपल्या वस्तीतील उदाहरण घेऊ. 'येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील' ही पाटी झाली, वचन नव्हे. वस्तीतील बऱ्याच स्त्रिया कामावरून सायंकाळी सातनंतर परतत असतील, तर 'दुकान रात्री नऊपर्यंत उघडे. ठरल्या दिवशी कपडा न मिळाल्यास शिलाई नाही' हे वचन होईल. मात्र आधी वीस जणींना विचारावे, आणि उशीर झाल्यास होणारे नुकसान हिशेबात धरावे.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याहून मुंबईस परतले. त्यानंतर त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी संस्था काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व ती बंद पडली. उणीव सल्ल्यात नव्हती, गिऱ्हाइकांच्या मनात होती. म्हणजे उत्तम वचनालाही विश्वासाची जोड लागते.

अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात भगवान बुद्धांनी यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत: माल आणि नफा ओळखणारी नजर, खरेदी-विक्रीतील कौशल्य, आणि भांडवल देऊ शकणाऱ्यांचा विश्वास. पहिले दोन शिकता येतात. तिसरा, म्हणजे पत, अनेकांना वडिलांच्या पेढीवरून मिळते. आपल्यातील बहुतेकांची धंद्यातील ही पहिलीच पिढी. तिला पत दिलेले वचन दररोज पाळूनच कमवावी लागते. म्हणून जेवढे पाळता येईल तेवढेच द्यावे.

तरुणांनी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी आपले वचन दोन ओळींत लिहून पाहावे. ते लिहिता येत नसेल तर घरचे दागिने गहाण ठेवण्याची घाई करू नये. सभासदांनीही अशा दुकानाचे पहिले गिऱ्हाईक व्हावे, रोख पैसे द्यावेत, आणि काही उणे आढळल्यास दुकानदाराला तोंडावर सांगावे.